डास-गोचिडांचे विषाणू माणसाच्या पेशीत कसे शिरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका यांच्याविषयी बोलताना गोष्ट डासापासून सुरू होते आणि थेट तापावर जाऊन पोहोचते. मधली काही मिनिटे, म्हणजे विषाणू पेशीच्या बाहेर होता आणि आत गेला एवढा टप्पा, बहुतेक वेळा वगळला जातो. खरे तर दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जड का जातो, चिकुनगुन्या सांधेच का धरतो, लस बनवणे इतके किचकट का, या सगळ्यांची मुळे त्याच टप्प्यात आहेत. म्हणून इथले बहुतेक प्रश्न त्याभोवतीचे आहेत.

या गटात कोणकोणते विषाणू येतात?

डेंग्यू, झिका, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल आणि गोचिडांमुळे होणारा क्यासनूर जंगल ताप हे फ्लेविव्हायरस. चिकुनगुन्या, रॉस रिव्हर आणि घोड्यांना व माणसांना मेंदूज्वर देणारे काही विषाणू हे अल्फाव्हायरस. रिफ्ट व्हॅली ताप आणि क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हे बुन्याव्हायरसांच्या मोठ्या गोतावळ्यातले. वाळूमाशीतून येणारा चांदिपुरा विषाणू आणखी वेगळ्या, रेबीजच्या कुळातला. म्हणजे 'कीटकजन्य विषाणू' हे एक घराणे नाही. रक्त पिणाऱ्या जिवाच्या अंगात वाढणे आणि त्याच्यामार्फत पसरणे, एवढेच त्यांच्यात समान. (गोचीड शास्त्रीयदृष्ट्या कीटक नसून कोळ्यांच्या जवळची, पण या चर्चेत ती सोबतच येते.) मलेरिया यात येत नाही. तो डासातूनच येतो, पण विषाणूमुळे होत नाही, परजीवीमुळे होतो.

डास चावला की विषाणू थेट रक्तात जातो ना?

थोडा जातो, पण बहुतांश विषाणू त्वचेतच राहतो. बाहेरून एकच वाटणारी डासाची सोंड प्रत्यक्षात सहा बारीक सुयांची जुडी असते. एका नळीतून रक्त वर ओढले जाते, दुसरीतून लाळ खाली सोडली जाते. मादी पहिल्याच फटक्यात रक्तवाहिनी गाठत नाही. ती सोंड आत घालून वाकवते, मागे घेते, पुन्हा दुसरीकडे वळवते आणि या शोधाशोधीत जागोजागी लाळ सांडत जाते. विषाणू त्या लाळेत असतो.

त्यामुळे त्याची पहिली गाठ पडते ती त्वचेतल्या पेशींशी: वरच्या थरातले केराटिनोसाइट, खालच्या थरातले फायब्रोब्लास्ट आणि पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी. या शेवटच्या पेशींचे कामच असे, की परके काही दिसले तर ते गिळायचे आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन प्रतिकारयंत्रणेला दाखवायचे. डेंग्यूचा विषाणू नेमका यांच्यातच वाढतो. इशारा द्यायला निघालेली पेशीच त्याला लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचवते आणि तिथून तो रक्तात पसरतो.

लाळेचा यात आणखी काही हात असतो का?

हो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. लाळेतली प्रथिने रक्त गोठू देत नाहीत, वाहिन्या सैल करतात आणि त्या जागी सूज आणतात. सूज आली की प्रतिकारपेशी धावून येतात, म्हणजे विषाणूला लागण करायला आणखी पेशी मिळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत नुसता विषाणू टोचण्यापेक्षा डासाने चावलेल्या जागी टोचला तर आजार बळावतो, असे वारंवार दिसले आहे.

विषाणू पेशी भोसकून आत घुसतो का?

नाही. त्याच्याजवळ हालचाल करायला काहीच नसते. डेंग्यूचा एक कण सुमारे ५० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पन्नास. आत सुमारे ११,००० अक्षरांचा एकपदरी आरएनए, त्याभोवती प्रथिनाचा गाभा, त्यावर मेदाचे पातळ पटल आणि सगळ्यात बाहेर 'ई' या प्रथिनाच्या १८० प्रती, जोड्या-जोड्यांनी आडव्या निजवलेल्या. ही मांडणी २००२ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाली. तो कण पेशीवर आपटतो तो केवळ द्रवातल्या धक्क्यांनी. पुढचे सगळे काम पेशी स्वतः, आपल्या रोजच्या यंत्रणेने करते. या विषयात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर माझ्या मते ती हीच: विषाणूला आत घेणारी पेशी असते.

डेंग्यूच्या विषाणूचा रिसेप्टर कोणता?

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा, विषाणू ज्याला धरतो तो रेणू. शाळेत शिकवले जाणारे कुलूप-किल्लीचे चित्र इथे दिशाभूल करते. डेंग्यूसाठी 'हा एकच' असा रिसेप्टर आजवर सापडलेला नाही, आणि शोधायचे राहून गेले म्हणून तसे झालेले नाही. तो विषाणू अनेक गोष्टींना धरू शकतो.

पहिली पकड सैल असते. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या साखळ्या असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, विषाणूच्या काही भागांवर धन. एवढ्या आकर्षणाने कण पेशीलगत रेंगाळतो. मग घट्ट पकड येते. डेंड्रायटिक पेशींवर डीसी-साइन नावाचे प्रथिन असते, ते विशिष्ट शर्करा ओळखते. इथे डासाचा संबंध पुन्हा येतो. विषाणूच्या प्रथिनांवर ज्या शर्करा चढतात त्या विषाणूच्या नसतात, ज्या पेशीत तो तयार झाला तिच्या असतात. डासाच्या पेशी मॅनोज या शर्करेने भरलेल्या साध्या साखळ्या चढवतात आणि डीसी-साइनला नेमक्या त्याच भावतात. म्हणजे नुकताच डासातून आलेला विषाणू त्वचेतल्या पहारेकरी पेशींना धरायला आयताच तयार असतो. माणसाच्या पेशीत बनलेल्या पुढच्या पिढीवर शर्करा बदलतात आणि ही पकड थोडी ढिली होते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात चलाख वाटतो. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. मरणारी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद आपल्या बाहेरच्या बाजूला आणते आणि ते पाहून सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळून टाकतात. ही ओळख पटवणारी प्रथिने म्हणजे टिम आणि टॅम या कुळांतले रिसेप्टर. विषाणूच्या मेदपटलातही तोच मेद उघडा पडलेला असतो. सफाई पेशी त्याला मेलेल्या पेशीचा तुकडा समजून आत घेते. डेंग्यू, झिका, वेस्ट नाइल, चिकुनगुन्या हे सगळे कमी-अधिक प्रमाणात ही वाट वापरतात.

मग चिकुनगुन्याचे काय? तो सांध्यांनाच का धरतो?

तिथे चित्र जास्त स्पष्ट आहे. २०१८ मध्ये जनुके एकेक करून बंद पाडण्याच्या तंत्राने शोध घेतला, तेव्हा एमएक्सआरए८ हे प्रथिन सापडले. चिकुनगुन्या, रॉस रिव्हर, मायारो, ओन्योंग-न्योंग अशा सांधे दुखवणाऱ्या अल्फाव्हायरसांना ते लागते. हे प्रथिन कूर्चा, हाडे, स्नायू आणि सांध्याभोवतालच्या ऊतींमधल्या पेशींवर असते. सांधेदुखीचे सगळे कोडे त्याने सुटत नाही, पण विषाणू तिथे का जमतो याचा मोठा भाग उलगडतो. गुरांमधल्या याच प्रथिनात नेमक्या पकडीच्या जागी १५ अमिनो आम्लांचा जादा तुकडा आहे आणि तेवढ्याने विषाणूची पकड बसत नाही. तो तुकडा उंदराच्या प्रथिनात घातला तर उंदीरही बऱ्याच अंशी वाचतात.

अर्थात एमएक्सआरए८ काढून टाकले तरी लागण पूर्ण थांबत नाही, कमी होते. बाकीच्या वाटा उघड्याच असतात.

कोलेस्टेरॉलच्या रिसेप्टरचाही संबंध आहे म्हणतात, ते खरे का?

खरे आहे, आणि गेल्या काही वर्षांतली ही मोठी भर आहे. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत घेणाऱ्या रिसेप्टरांचे एक कुटुंबच आहे. व्हेनेझुएलातल्या घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू त्यातला एलडीएलआरएडी३ वापरतो (२०२०), रिफ्ट व्हॅली तापाचा एलआरपी१ (२०२१), पूर्वेकडच्या घोड्यांच्या मेंदूज्वराचा व्हीएलडीएलआर आणि अपोइआर२ (२०२१), तर क्रिमियन-काँगो तापाचा खुद्द एलडीएल रिसेप्टर (२०२४). वेगवेगळ्या घराण्यांतले विषाणू एकाच कुटुंबाकडे वळले, याचे कारण मला साधे वाटते. हे रिसेप्टर कीटकांपासून माणसापर्यंत थोड्याफार फरकाने सारखेच राहिले आहेत आणि एखादी गोष्ट धरून आत ओढणे हेच त्यांचे दिवसभराचे काम आहे. दोन वेगळ्या जिवांत जगावे लागणाऱ्या विषाणूला आणखी काय हवे?

कोलेस्टेरॉल कमी केल्याने या आजारांपासून संरक्षण मिळते, असा अर्थ मात्र यातून काढू नये.

पकड बसल्यावर पेशी त्याला आत कशी घेते?

पेशीपटल त्या जागी आतल्या बाजूला खोलगट होते. क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी त्या खळग्याला पेशीच्या आतल्या बाजूने आधार देते, खळगा खोल होतो, त्याचे तोंड आवळले जाते आणि विषाणू एका छोट्या पिशवीत बंद होऊन पेशीच्या आत येतो. लोह, कोलेस्टेरॉल, संप्रेरके असे कितीतरी पदार्थ पेशी याच वाटेने घेते. पिशवी आत आली तरी विषाणू अजून खऱ्या अर्थाने 'आत' नाही. त्याच्या आणि पेशीद्रवाच्या मध्ये पिशवीचे पटल आहे. ते ओलांडले नाही तर पिशवी पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचन करणाऱ्या कप्प्यात, जाईल आणि विषाणू पचून जाईल. बरेच कण असेच संपतातही.

मग ते पटल तो ओलांडतो कसा?

आम्लतेच्या इशाऱ्याने. पिशवी आत सरकते तशी पेशी तिच्यात हायड्रोजन आयन भरत जाते. बाहेर सामू (पीएच; जितका कमी तितके आम्ल जास्त) ७.४ च्या आसपास असतो. सुरुवातीच्या एंडोसोममध्ये (आत आलेल्या या पिशवीचे नाव एंडोसोम) तो ६ ते ६.५ वर येतो, पुढच्या टप्प्यात ५.५ च्याही खाली जातो. विषाणूसाठी ही खूण असते, की आपण आत पोहोचलो.

डेंग्यूचे उदाहरण जवळून पाहू. आडव्या पडलेल्या ई प्रथिनांच्या जोड्या आम्लात सुटतात. प्रत्येक प्रथिन उभे राहते आणि त्याच्या टोकाचा, आतापर्यंत शेजाऱ्याखाली झाकलेला, मेदात विरघळणारा फास बाहेर येतो. तो पिशवीच्या पटलात रुततो. तीन-तीन प्रथिने एकत्र येऊन त्रिकूट बनते. मग ते त्रिकूट मधोमध दुमडते. त्याचे एक टोक पिशवीच्या पटलात रुतलेले, दुसरे विषाणूच्या पटलात. दुमडताना दोन्ही टोके जवळ येतात आणि त्यांच्यासोबत दोन्ही पटलेही ओढली जातात. आधी बाहेरचे थर एकमेकांत मिसळतात, मग आतले, आणि एक छिद्र तयार होते. एका त्रिकुटाची ताकद पुरत नाही, शेजारच्या एकाहून अधिक त्रिकुटांनी एकाच वेळी ओढावे लागते. छिद्र रुंदावले की गाभा पेशीद्रवात उतरतो, त्यातून आरएनए मोकळा होतो आणि पेशीचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रे, तो आपलाच संदेश असल्यासारखा वाचू लागतात. तिथून परतीची वाट नाही.

अल्फाव्हायरस हे काम बहुधा सुरुवातीच्या, कमी आम्ल एंडोसोममध्ये उरकतात. त्यांच्यात ई२ हे प्रथिन पकडीसाठी आणि ई१ पटले जुळवण्यासाठी, अशी कामाची वाटणी आहे. डेंग्यू बहुतेकदा उशिराच्या एंडोसोमपर्यंत थांबतो, कारण तिथल्या पटलातले ऋणभारित मेद त्याला लागतात. बुन्या गटातले काही त्याहूनही उशिरा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच घडणीचे एक प्रथिन, हॅप२, शैवाल, वनस्पती आणि कितीतरी एकपेशीय जिवांमध्ये नर व मादी पेशींचे मीलन घडवते. दोन पटले एक करायची ही जुनी रीत लैंगिक प्रजननात आणि डेंग्यूच्या विषाणूत एकाच आराखड्याची आहे.

आम्लता एवढी महत्त्वाची असेल, तर ती कमी करणारे औषध का देत नाहीत?

प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे चालते. क्लोरोक्विन किंवा अमोनियम क्लोराइड घातले की एंडोसोम पुरेसे आम्ल होत नाहीत आणि लागण घटते. माणसांवर मात्र अपेक्षाभंग झाला. व्हिएतनाममधल्या चाचणीत क्लोरोक्विनने डेंग्यूचा विषाणू रक्तातून लवकर गेला नाही. २००६ च्या साथीत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुन्याच्या रुग्णांवर चाचणी झाली, तिथेही फायदा दिसला नाही. उलट ते औषध घेतलेल्यांनी काही महिन्यांनंतर सांधेदुखीची तक्रार जास्त केली. काचेच्या बशीतला परिणाम पाहून स्वतःच्या मनाने असे औषध घेणे धोक्याचे आहे. पोटातल्या आम्लपित्तावरच्या गोळ्यांचा तर या एंडोसोमशी काही संबंधच नाही.

नवे विषाणू बाहेर पडतानाही आम्ल भागातून जातात. मग ते तिथेच का उलगडत नाहीत?

फार चांगला प्रश्न. बाहेर पडण्याच्या वाटेवरचे गॉल्जी पिंडही, म्हणजे प्रथिने तयार करून बाहेर धाडणारा पेशीतला कप्पाही, आम्ल असते. तिथे फ्लेविव्हायरसचे पीआरएम हे प्रथिन कामी येते. ते ई प्रथिनाच्या फासावर टोपण घालून बसते. फ्युरिन हे पेशीचे विकर ते टोपण कापते, पण कापलेला तुकडा आम्लात चिकटूनच राहतो. कण पेशीबाहेर, आम्ल नसलेल्या जागी आला की तो गळून पडतो. आता विषाणू लागण करायला सिद्ध. डेंग्यूमध्ये ही कापणी पुष्कळदा अर्धवट होते, त्यामुळे रक्तात पक्के आणि अर्धकच्चे असे दोन्ही कण फिरतात. ही गोष्ट पुढच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर का असू शकतो?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांविरुद्ध काही महिनेच. नंतर दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण निकामी करण्याइतकी नाही. पीआरएमला आणि फासाला चिकटणारी प्रतिपिंडे विशेषतः अशी असतात.

प्रतिपिंडाच्या शेपटाला धरणारे एफसी रिसेप्टर मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींवर असतात. त्यांचे काम प्रतिपिंडाने खूण केलेली वस्तू गिळून नष्ट करणे. इथे ते अर्धवट झाकलेला, अजून जिवंत विषाणू गिळतात आणि तो एंडोसोममधून नेहमीप्रमाणे निसटतो. एरवी पकड न बसणारे अर्धकच्चे कणही या वाटेने आत येतात. संरक्षणासाठी बनलेले प्रतिपिंड अशा वेळी रिसेप्टरचे काम करते.

डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॉल्स्टेड यांनी बँकॉकमधल्या मुलांच्या निरीक्षणांवरून हा विचार गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. २०१७ मध्ये निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसले, की प्रतिपिंडे भरपूर असतील तर संरक्षण मिळते, अगदी कमी असतील तर धोका वाढत नाही, मधल्या एका पातळीवर मात्र गंभीर आजाराचा धोका सर्वाधिक असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेंगव्हॅक्सिया या डेंग्यूवरच्या लशीच्या उत्पादकाने जाहीर केले, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस दिल्यास पुढे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. फिलिपिन्समध्ये तोवर ती शाळकरी मुलांना देण्यात आली होती. पालकांचा लशींवरचा विश्वास त्यातून ढासळला, आणि ते नुकसान त्या एका लशीपुरते राहिले नाही.

दुसरा डेंग्यू म्हणजे गंभीरच, असे मुळीच नाही. बहुतेक जण बरे होतात. पण आधी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

एकच विषाणू डासात आणि माणसात, दोन्हीकडे कसा चालतो?

डासाने रक्त प्यायल्यावर विषाणूला आधी त्याच्या आतड्याच्या पेशीत शिरावे लागते, तिथे वाढून शरीरात यावे लागते आणि मग लाळग्रंथी गाठावी लागते. डेंग्यूला याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. म्हणजे पेशीत शिरण्याचे कसब त्याला दोन जिवांत दाखवावे लागते, आणि एका जिवात फायद्याचा बदल दुसऱ्यात तोट्याचा ठरू शकतो. म्हणून हे विषाणू सहसा सावकाश बदलतात.

अपवाद घडतो तेव्हा तो मोठा असतो. २००५-०६ मध्ये रियुनियनच्या साथीत चिकुनगुन्याच्या ई१ प्रथिनात २२६ व्या जागी ॲलनिनऐवजी व्हॅलिन आले. एका अमिनो आम्लाचा फरक, तोही पटले जुळवणाऱ्या प्रथिनात. त्याने एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या आतड्यात शिरणे विषाणूला खूपच सोपे झाले. ज्या भागात एडिस इजिप्ती हा चिकुनगुन्याचा नेहमीचा डास कमी होता तिथेही साथ पसरली.

एचआयव्ही डासांतून का पसरत नाही?

कारण तो डासाच्या पेशीत शिरूच शकत नाही. त्याला माणसाच्या काही प्रतिकारपेशींवरचे सीडी४ हे प्रथिन आणि सोबतीला आणखी एक रिसेप्टर (सहरिसेप्टर) लागतो, डासाकडे ते नाहीत. प्यायलेल्या रक्ताबरोबर तो पचून जातो, लाळग्रंथीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय रक्त ओढण्याची आणि लाळ सोडण्याची नळी वेगळी असल्याने आधीच्या माणसाचे रक्त पुढच्यात सोडले जात नाही.

चावा न घेता हे विषाणू पसरू शकतात का?

काही पसरतात. क्रिमियन-काँगो ताप बाधित जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कातून होतो. गोचिडजन्य मेंदूज्वर कच्च्या दुधातून, झिका लैंगिक संबंधांतून आणि आईकडून गर्भाला, वेस्ट नाइल रक्तदानातून. पेशीत शिरण्याची रीत तीच, फक्त सुरुवातीचे दार वेगळे.

लस नेमके काय अडवते?

बहुतेक लशी ई किंवा ई१-ई२ प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून घेतात. काही प्रतिपिंडे पकड बसू देत नाहीत. काही विषाणूला चिकटून त्याच्यासोबत एंडोसोमपर्यंत आत जातात आणि तिथे प्रथिनांना उलगडू देत नाहीत, म्हणजे पिशवीत शिरलेला कण तिथेच अडकतो. मॅक्स थायलर यांची १९३७ ची पीतज्वराची १७डी लस आजही वापरात आहे. दुर्बळ केलेल्या त्या विषाणूतले काही बदल ई प्रथिनातच आहेत. जपानी मेंदूज्वराच्या एसए१४-१४-२ लशीतही ई प्रथिनाच्या १३८ व्या जागचा एक बदल त्याला मेंदूसाठी सौम्य करण्यात महत्त्वाचा ठरला.

पेशीत शिरणेच रोखणारे औषध अजून का नाही?

एक अडचण अशी, की वाटा अनेक. एक रिसेप्टर झाकला तर विषाणू दुसरा धरतो, आणि ते रिसेप्टर शरीराच्याही कामाचे असतात. त्यामुळे संशोधकांचा रोख आता विषाणूच्याच प्रथिनांवर, त्यातही दुमडण्याच्या पायरीवर जास्त आहे, कारण वाट कोणतीही असली तरी ती पायरी टळत नाही.

दुसरी अडचण वेळेची. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी चढतो आणि तोवर रक्तातला विषाणू जवळपास शिखरावर पोहोचलेला असतो. ताप उतरू लागतो त्या सुमारास, म्हणजे रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा खरा धोका सुरू होतो तेव्हा, विषाणू घटणीला लागलेला असतो. असे औषध निघालेच तर ते तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत किंवा साथीच्या काळात लागण होण्याआधीच द्यावे लागेल. तोपर्यंत उपचार म्हणजे द्रवाचा नीट हिशेब, प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) लक्ष, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न देता ताप फक्त पॅरासिटामॉलने उतरवणे. ताप गेल्यावर पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची गळून जाणारी अवस्था यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.